धर्मशाळेची वही

कद्रा मागे पडलं की रस्ता काळी नदीची सोबत सोडतो आणि अणशीचा घाट चढायला लागतो. पावसाळ्यात या वळणांवर दहा पावलांपलीकडचं झाड दिसत नाही. दिसतं ते धुकं, आणि ऐकू येतं ते पाणी. घाटमाथ्यावरचं अणशी हे जोयडा तालुक्यातलं लहानसं गाव. भोवतालचं रान १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आता ते काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतं. बाहेरून येणारे बहुतेक लोक वाघाची, निदान गव्याची आशा धरून येतात. मला मात्र या रानात जीव मुठीत धरून आलेली माणसं दिसतात. राजाच्या रोषातून निसटलेल्याला पोटात घेणं, हे काम या रानाने शेकडो वर्षं केलं. आज ते काम दूतावासांनी, विमानतळांनी आणि न्यायालयांनी करायचं असतं. ते कसं होतं आहे, हे विचारण्यासाठी अणशीइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही.

अणशीहून जोयड्याकडे निघालं की कुंभारवाड्याला उळवीचा फाटा लागतो. उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांभोवती शरण, म्हणजे त्यांची अनुयायी मंडळी, जमली. जात मोडायची तर ती लग्नात मोडली पाहिजे, इथवर त्यांची मजल गेली. चांभार हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं. राजा बिज्जळाच्या दरबाराला ते सोसलं नाही. परंपरा सांगते की दोन्ही बापांना हाल हाल करून मारलं. पुढे बिज्जळाचाही खून झाला आणि सैन्य शरणांच्या मागे लागलं. चन्नबसवण्णा, त्यांची आई अक्का नागम्मा आणि उरलेले शरण वचनांची ताडपत्रं सांभाळत पश्चिमेच्या डोंगरांकडे निघाले, ते या रानात येऊन थांबले. दर माघी पौर्णिमेला उळवीची जत्रा भरते. बेळगाव-धारवाडकडच्या बैलगाड्या आजही घाटातून येतात, आणि महाराष्ट्रातले लिंगायतही येतात. भक्त समाधीला हात जोडतात. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मनात आलं, की ही एका आश्रयाचीही खूण आहे.

निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे आणि म्हणून जो आपल्या देशाबाहेर आहे, तो निर्वासित, अशी त्यात व्याख्या आहे. शरणांना त्या पाचांपैकी किमान तीन कारणं लागू पडतात. आठशे वर्षांनी जिनिव्हात जे शब्दांत बसवलं, ते या मुलखाने आधीच पाहिलं होतं.

पश्चिमेचे डोंगर उतरले की गोव्यातलं काणकोण आणि सांगे. जोयड्याचे कुणबी कोकणी बोलतात, आणि आपले पूर्वज गोव्यातून घाट चढून आले असं सांगतात. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली बसलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. त्या काळात माणसंच पळाली असं नाही, देवही पळाले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. नदीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचा होता. हिंदू दैवतांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या हद्दीत, हे आज मुद्दाम आठवावंसं वाटतं. आमच्या घरची कुलदेवता कवळ्याची. लहानपणी पालखीपुढे उभा असताना मला कोणी सांगितलं नव्हतं, की आई निर्वासित आहे.

उलट दिशेनेही लोक गेले. हैदर अलीने १७६३ मध्ये बिदनूर घेतलं आणि पुढे घाटमाथ्यावरच्या सोंद्यावर फौज आली, तेव्हा सोंद्याचा राजा कुटुंबासह पोर्तुगीजांच्या आश्रयाला गोव्यात गेला. आश्रयाची किंमत होती ती फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा त्याचा मुलूख. राजाचे वंशज बांदिवड्याला राहिले, मुलूख गेला तो गेलाच. देवांनी जिथे आसरा घेतला होता तोच फोंडा आता पोर्तुगीजांचा झाला, पण दोनशे वर्षांत काळ बदलला होता आणि नव्या मुलखातली देवळं त्यांनी राखली. आश्रय देणाऱ्याचा हेतू शुद्धच असतो असं नाही, एवढं या प्रकरणातून नक्की कळतं. त्यामुळेच आश्रय कोणाच्या हेतूवर सोडू नये असं मी म्हणतो.

तालुक्याच्या उत्तर टोकाला कॅसलरॉक. मुरगावहून येणारी रेल्वे इथे ब्रिटिश हिंदुस्थानात शिरायची. पुढे इथेच भारत आणि सालाझारचा गोवा एकमेकांना भिडले. १९५५ मध्ये संबंध तुटले, गाडी थांबली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त रेडिओ केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवत होते. आधी आंबोलीच्या रानात, मग कॅसलरॉकच्या. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून रोज बातम्या जायच्या, त्या गोव्यात दारं लावून ऐकल्या जायच्या. डिसेंबर १९६१ पर्यंत हे चाललं. लिबियाताईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. परकी राजवटीविरुद्ध बोलणाऱ्याला शेजारच्या देशाच्या हद्दीत बसून बोलू देणं, ही आश्रयाची सर्वांत धाडसी रीत आहे. आपण ती आनंदाने पाळली, कारण गोवा आपला होता. जो आपला नाही, त्याच्यासाठी काय करायचं हा खरा प्रश्न आहे.

शरण आले, कुणबी आले, रेडिओवाले आले. कोणालाही अर्ज भरावा लागला नाही. रान दाट होतं, हद्द सैल होती, आणि पलीकडचा राजा वेगळा होता, एवढ्यावर भागत होतं. आता हद्दीला तार आहे, आकाशातून नजर आहे, आणि माणूस कोण हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाही, हातातल्या पुस्तिकेवरून ठरतं. पळून जाण्याचा मार्ग आता कागदातून जातो. तो कागद असा रचलेला आहे की पळणाऱ्याच्याच पायात यावा.

व्हिसा म्हणजे काय, हे नीट पाहू. व्हिसासाठी पासपोर्ट लागतो. पासपोर्ट ज्या सरकारने द्यायचा, त्याच सरकारपासून हा पळतो आहे. समजा पासपोर्ट आधीच काढलेला आहे. मग पर्यटनाचा किंवा शिक्षणाचा व्हिसा मागताना दाखवावं लागतं की मी परत येणार आहे, माझं घर, नोकरी, कुटुंब मायदेशी आहे. याला तर परत जायचंच नाही, जाता येत नाही. म्हणजे खरं सांगितलं तर व्हिसा नाही, आणि खोटं सांगून पोचला तर पुढे आश्रयाच्या चौकशीत तेच खोटं त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. 'आश्रयासाठी व्हिसा' असं काही बहुतेक देशांत नसतंच. आश्रय मागायचा तर आधी त्या भूमीवर पाऊल ठेवावं लागतं, आणि पाऊल ठेवू नये याची तजवीज विमान कंपनीच्या खिडकीवरच झालेली असते. व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर पाश्चात्त्य देश कंपनीला दंड करतात. त्यामुळे माणूस छळातून आला आहे का, याचा निवाडा सामानाचं वजन करणारा कर्मचारी करतो. त्याला ना ते काम शिकवलेलं, ना विचारण्याची मुभा.

ज्याला काही ठाऊक नाही त्याच्याच हाती निर्णय, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात मोरिया बोटीतून सावरकरांनी समुद्रात उडी टाकली आणि ते फ्रान्सच्या भूमीवर चढले. ती उडी आपण शाळेत शिकतो. धक्क्यावर पुढे जे घडलं ते कमी शिकतो. फ्रेंच शिपायाने त्यांना धरलं आणि बोटीवरच्या पोलिसांच्या हवाली केलं. हा राजकीय कैदी आहे, फ्रेंच भूमीवर आहे, आश्रय मागू शकतो, हे त्या शिपायाला कळण्याची सोयच नव्हती. फ्रान्समध्ये गदारोळ झाला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल आला. पकडून देण्यात गैररीत झाली हे लवादाने मान्य केलं, पण म्हणून कैदी परत करायला ब्रिटन बांधील नाही असं ठरवलं. सावरकरांच्या नंतरच्या राजकारणाविषयी कोणाचं काहीही मत असो, हा निकाल प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्यात दोन सरकारं आहेत, दोघांचा मान आहे, दोघांची चूक-बरोबर आहे. ज्याला पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, त्या माणसाचा हक्क मात्र कुठेच नाही. आश्रय ही एका राज्याची दुसऱ्या राज्यासमोरची मिजास होती. छळ होईल तिथे कोणालाही परत ढकलू नये, हा माणसाच्या बाजूचा नियम कागदावर यायला १९५१ उजाडावं लागलं. त्या करारावर भारताने आजवर सही केलेली नाही.

आणि आपलाही मार्सेलिसचा धक्का आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर भारताने अफगाणांसाठी तातडीच्या ई-व्हिसाची घोषणा केली. कल्पना चांगली होती. पण आठवड्याभरात आधी दिलेले, हाती असलेले व्हिसे रद्द केले, आणि नवे मिळाले ते फार थोड्यांना. त्याच दिवसांत, २० ऑगस्टला, अफगाण संसदेच्या सदस्या रंगीना करगर दिल्ली विमानतळावर उतरल्या आणि त्यांना तिथूनच माघारी इस्तंबूलला धाडलं गेलं. सरकारने नंतर दिलगिरी व्यक्त केली. राजनैतिक पासपोर्ट असलेल्या खासदार बाईंची ही कथा, तर साध्या शिक्षिकेची काय असेल.

आता अणशीहून आमच्याच जिल्ह्यात, उत्तर कन्नडात, पूर्वेला चला. मुंडगोड. इथे १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे. ल्हासाजवळचे द्रेपुंग आणि गांदेन हे मोठे मठ इथे नव्याने उभे राहिले. भातशेती आणि मका, मधून मधून सोनेरी कळस, आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे कॅम्प. महाराष्ट्रातही अशी वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, १९७२ पासूनची नोर्गेलिंग. पुण्या-मुंबईत हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेट्यांपैकी कितीतरी जण अशाच वसाहतींतून येतात. मार्च १९५९ च्या अखेरीस दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात आले तेव्हा नेहरूंनी दार उघडलं, निजलिंगप्पांच्या म्हैसूर राज्याने जमीन दिली. जगात याला तोड क्वचितच सापडेल. मी हे अभिमानाने लिहितो.

पण मुंडगोडच्या एका चहाच्या दुकानात माझ्याशी बोलत बसलेल्या गृहस्थांचं काय? वय पन्नाशीच्या आसपास, जन्म कॅम्पातला, कन्नड अस्खलित, मराठी कामापुरतं, कारण वीस हिवाळे महाराष्ट्रात स्वेटर विकण्यात गेलेले. त्यांच्याकडे दोन कागद. एक नोंदणी प्रमाणपत्र, ते वेळोवेळी नवं करून घ्यायचं. दुसरं पिवळ्या कव्हरचं ओळखपत्र, ज्याला सगळे पिवळं पुस्तक म्हणतात. परदेशी जायचं तर ते चालतं, पण बऱ्याच देशांच्या खिडक्यांवर ते काय आहे हे आधी समजावून सांगावं लागतं, आणि परत भारतात यायची परवानगी आधीच शिक्का मारून घ्यावी लागते. "आमी पाहुणे आहोत," ते म्हणाले, "पाहुणे म्हणूनच म्हातारे होणार." आवाजात तक्रार नव्हती. मला ते शब्द तक्रारीपेक्षा जड वाटले.

वाचक म्हणेल, मग नागरिकत्व घ्यावं. कायद्याने ते शक्य आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला प्रत्येक जण जन्माने नागरिक आहे, आणि हे तिबेट्यांनाही लागू आहे असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तरी पासपोर्ट देताना अडचणी येत राहिल्या, पुन्हा खटले झाले, आणि २०१७ मध्ये वसाहत आणि जुने कागद सोडण्याच्या अटी पुढे आल्या. शिवाय कित्येक तिबेट्यांना नागरिकत्व नकोच आहे. ते घेतलं तर आपण परत जाण्याचा दावा सोडला असं होईल, ही त्यांची भावना आहे. तिचा मान राखला पाहिजे. आश्रय आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याला घरचा करून घेणं हे औदार्य खरं, पण त्याला आपल्या घरी परतायचं असेल तर तोवर मान ताठ ठेवून राहता येईल अशी जागा देणं हे त्याहून नेमकं काम आहे. आपल्या कायद्यात ती जागाच नाही. आहे तो एकच शब्द: परकीय.

तो शब्द जुना आहे. १९४६ चा परकीय नागरिक कायदा ब्रिटिशांनी केला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. इतक्या वर्षांनी पाटी कोरी करण्याची संधी आली होती. नव्या कायद्यातही निर्वासिताची वेगळी व्याख्या नाही, आश्रय मागण्याची रीत नाही. सोबत निघालेल्या आदेशाने काही गटांना कागद नसल्याच्या शिक्षेतून सूट दिली: तिबेटी, ९ जानेवारी २०१५ पूर्वी आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ, आणि अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून २०२४ अखेरपर्यंत आलेले तिथले अल्पसंख्याक. ज्यांना सूट मिळाली त्यांच्यासाठी मला बरंच वाटतं. पण सूट म्हणजे हक्क नव्हे. एका आदेशाने दिलेलं दुसऱ्या आदेशाने काढता येतं, आणि तिसऱ्या कोणाला ते मागताही येत नाही.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने धर्माच्या आधारे यादी केली. तीन देश, सहा धर्म. राजकीय मतासाठी छळ झालेल्याला त्या यादीत स्थान नाही. लिहिण्यामुळे देश सोडावा लागलेल्या तसलिमा नसरीन कोणत्या रकान्यात बसतात? त्या वर्षानुवर्षं मुदतीच्या परवान्यावर भारतात राहतात, आणि मुदत सरत आली की परवाना वाढेल का याची चर्चा वर्तमानपत्रांत होते. लेखिकेने पुढचं पुस्तक कोणतं लिहावं हा विचार करायचा, की पुढची मुदत?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका श्रीलंकन तमिळ माणसाचं प्रकरण आलं. तो दहशतवादविरोधी कायद्याखाली दोषी ठरलेला होता, शिक्षा भोगून झाली होती, आणि परत पाठवलं तर जिवाला धोका आहे असं म्हणत होता. सुनावणीत न्यायपीठ म्हणालं की भारत ही धर्मशाळा नव्हे. हा शब्द देशभर गाजला. मला त्या माणसाची वकिली करायची नाही. पण त्या शब्दापाशी मी थांबलो, कारण पंढरपूरला, नाशिकला, त्र्यंबकला ज्याने धर्मशाळेत रात्र काढली आहे त्याला ठाऊक असतं, की धर्मशाळा म्हणजे वाटेल त्याने वाटेल तसं घुसण्याची जागा नव्हे. तिथे दाराशी एक वही असते. नाव, गाव, माणसं किती, कुठून आलात, कुठे जाणार. मुक्काम किती रात्री हे ठरलेलं असतं. दारू पिऊन आलेल्याला हाकलतात. आणि वहीत नाव लिहून घेतलं की मुनीम जात विचारत बसत नाही, निदान बसू नये हा धर्मशाळेचा धर्म. आपल्या देशाला धर्मशाळा म्हणू नये असं ज्यांना वाटतं, त्यांना माझं सांगणं आहे की आपल्याकडे धर्मशाळाही नाही. ती असती तर दाराशी वही असती.

वही नसली की काय होतं, ते २०२१ च्या वसंतात दिसलं. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारीला लष्कराने सत्ता घेतली. चिन लोक सीमा ओलांडून मिझोराममध्ये येऊ लागले. १० मार्चला केंद्रीय गृहखात्याने ईशान्येच्या राज्यांना लिहिलं की ही आवक रोखा. मिझोरामने ऐकलं नाही. मुख्यमंत्री झोरामथांगांनी पंतप्रधानांना कळवलं की हे आमचे रक्ताचे लोक आहेत. अकरा लाखांच्या राज्याने, चर्च आणि गावच्या संघटनांच्या बळावर, तीस हजारांहून अधिक लोकांना पोसलं. याच काळात, ८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवण्यास अंतरिम मनाई नाकारली. रीतसर प्रक्रिया पाळा एवढंच सांगितलं. आणि ३ मे रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून पळून आलेल्या सात जणांना, ज्यांत पत्रकार होते, दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात जाऊ द्या, असा आदेश दिला. घटनेच्या २१ व्या कलमात छळाकडे परत न ढकलण्याचं तत्त्व येतं, असंही म्हटलं. काळ एकच, देश एकच, पळण्याचं कारण एकाच लष्कराचं. जीव वाचणं न वाचणं हे कोणत्या दारावर धडक दिली यावर अवलंबून.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. पहिला, सुरक्षेचा. आश्रयाच्या नावाखाली हेर येतील, अतिरेकी येतील. येतीलही. म्हणूनच चौकशीची रीत हवी. आज जो चोरून येतो तो कोण हे सरकारला कळत नाही, कारण त्याने पुढे येऊन सांगण्यात त्याचा तोटाच आहे: सांगितलं की तुरुंग. ज्याला 'ये, नाव सांग, तुझं म्हणणं ऐकतो' असं सांगणारी खिडकी आहे, त्याची बोटांचे ठसे देण्याला हरकत नसते. १९५१ च्या करारातही युद्धगुन्हेगाराला, गंभीर गुन्हा करून आलेल्याला निर्वासित मानायचं नाही अशी स्पष्ट तरतूद आहे. आश्रयाचा कायदा म्हणजे होकाराचा कायदा नव्हे. कारण देऊन नकार देण्याचाही तो कायदा आहे, आणि आज आपण कारण न देताच होकार आणि नकार दोन्ही देतो.

दुसरा आक्षेप गरिबीचा. आमच्याच लोकांना पुरत नाही. अणशीत बसून हा आक्षेप हलका करून सांगण्याची माझी छाती नाही. सूपा धरण १९८७ ला पुरं झालं, तेव्हा जुनं सूपा गाव पाण्याखाली गेलं. व्याघ्र प्रकल्पातल्या कुटुंबांना पैसे घेऊन रान सोडा म्हणून सांगितलं जातं. गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला; घाट चढून इकडे आलेल्या त्यांच्याच भाऊबंदांची, जोयड्याच्या कुणब्यांची, तीच मागणी वर्षानुवर्षं तशीच आहे. पूर्वजांनी एक हद्द ओलांडली म्हणून नातवांच्या वाट्याला वेगळा कागद आला. कागद नसण्याचा अर्थ काय असतो, हे ज्यांना असं सोसून कळलं आहे, त्यांच्या आणि मुंडगोडच्या पाहुण्यांच्या मागण्या एकमेकींच्या आड येतात असं मला वाटत नाही. दोघांनाही सरकारकडून एकच गोष्ट हवी आहे: आमच्याविषयी जे ठरवायचं ते नियमाने, मुदतीत आणि तोंडावर सांगून ठरवा.

आणि आलेला माणूस ओझंच होतो, हे तरी कशावरून? वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीत पडले, ब्रिटिश हेरांच्या ससेमिऱ्यातून देशोदेशी हिंडले, आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोने त्यांना जागा दिली. तिथल्या चापिंगोच्या शेती विद्यालयात ते शिकवू लागले. मका आणि गव्हावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा उघडल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकर वाटताना रंगवलं. एका परागंदा वैदर्भीय माणसाला मेक्सिकोने प्राध्यापक होऊ दिलं, नुसतं जगू दिलं नाही. आपण मुंडगोडच्या मुलाला काय होऊ देतो?

कोल्हापूरकरांना तर हे शिकवायला नको. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून सायबेरियाकडे नेलेली आणि तिथून कशीबशी सुटलेली. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता: पोलंडमध्ये आता कम्युनिस्ट राज्य, परत जायचं की नाही? त्यातले कितीतरी जण ब्रिटनला गेले, कारण ब्रिटनने १९४७ साली पोलिश पुनर्वसनाचा कायदाच केला होता. आणि वळिवड्याच्या रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीतून आलेल्या सिंधी कुटुंबांनी तिथे बिऱ्हाडं मांडली. आज त्याला गांधीनगर म्हणतात, आणि अर्ध्या दक्षिण महाराष्ट्राचं लग्नाचं कापड तिथून येतं.

त्याच ब्रिटनने जानेवारी २०२१ मध्ये हाँगकाँगच्या लोकांसाठी खास व्हिसा काढला, आणि दीड लाखांहून अधिक लोक त्यावर गेले. वाट चांगली, पण फी भरू शकणाऱ्याची. शिवाय १९९७ नंतर जन्मलेली मुलं, म्हणजे रस्त्यावर उतरलेली नेमकी तीच पिढी, आरंभी स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत नव्हती. २०२२ च्या अखेरीस ती चूक सुधारली. म्हणजे व्हिसाची वाट काढणं शक्य आहे, आणि कोणासाठी काढली हे सतत तपासावं लागतं.

आपल्या कायद्यात मला काय हवं, ते सांगतो. 'मला छळाची भीती आहे' एवढं कोणी म्हटलं की त्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला विमानात बसवता येणार नाही. ऐकणारा पोलीस नसेल. त्या देशाची माहिती असलेला, दुभाष्या जवळ असलेला, निर्णयाची कारणं लिहून देणारा अधिकारी असेल. मुदत ठरलेली असेल, अपील असेल. होकार मिळाला तर असा एक कागद मिळेल ज्यावर नोकरी लागते, बँकेत खातं उघडतं, मुलाला कॉलेजात प्रवेश मिळतो, आणि प्रवास करून परत येता येतं. आणि आपल्या दूतावासांना असा तातडीचा व्हिसा देण्याचा अधिकार असेल, ज्याच्या अर्जात 'मी परत जाईन' असं खोटं लिहावं लागणार नाही. यात नवं काही नाही. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींच्या पुढाकाराने असा नमुना-कायदा पूर्वीच तयार झाला, शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणि नंतरही लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. सरकारं बदलली, ते कागद पुढे सरकले नाहीत. सगळ्याच पक्षांना मोकळा हात आवडतो. आज तिबेट्याला ठेवून चीनला काही सांगता येतं, उद्या बर्मी विद्यार्थ्याला न ठेवून म्यानमारला काही सांगता येतं. १९८८ मध्ये रंगूनहून पळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भारताने सीमेवर छावण्या उघडल्या होत्या. पुढच्या दशकात धोरण लष्करशहांकडे वळलं, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांची अडचण वाटू लागली. विद्यार्थी तेच होते.

मुंडगोडहून मी अणशीला परतलो त्या संध्याकाळी पाऊस लागला होता. उळवीच्या फाट्याशी गाडी थांबवली. चन्नबसवण्णा इथवर आले तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आतबाहेर असेल असं परंपरा मानते. मागे सैन्य, पुढे रान, सोबत आई आणि ताडपत्रांची गाठोडी. त्या वयाची मुलं आजही कुठल्या ना कुठल्या सीमेवर, फोनमध्ये दडवलेले फोटो आणि एखादी डायरी घेऊन उभी असतील. ती भारतात आली तर अर्ज कुठे द्यायचा हे विचारतील. दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीचा पत्ता त्यांना सांगता येईल. आपल्या सरकारच्या खिडकीचा पत्ता मात्र मला देता येणार नाही.